सर्व्हरचे कॅल आणि क्लायंट सॉफ्टवेअर कसं सांभाळायचं: सोलापुरात नवीन आयटी बघणाऱ्यांसाठी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, चिंचोळीत एखाद्या कंपनीत, नाहीतर गावातल्या हॉस्पिटलात "आयटीचं तेवढं बघ" म्हणून तुम्ही नवीन लागला असाल तर पहिला महिना वायफाय आणि प्रिंटरमधेच जातो, लायसन्सकडं कुणी बघत नाही. मग एखाद्या सकाळी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे आपल्या मशीनवरून सर्व्हरवर बसून काम करायची सोय, बंद पडतो, अकाउंटवाले खुर्च्या मागं सरकवून तुमच्याकडं बघत बसतात आणि मालक विचारतात, अहो सर्व्हर तर घेतलाय की, आता परत कसलं लायसन्स? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तुमच्याकडं आधीपासून तयार पाहिजे, म्हणून सगळं क्रमानं लिहितोय. इथं मी विंडोज सर्व्हर धरलाय, त्यावर टॅली किंवा ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर), आणि पाच ते पन्नास मशीनचं ऑफिस.

तीन लायसन्स आधी वेगळी करा

सगळा घोळ इथून सुरू होतो. पहिलं लायसन्स सर्व्हरचं स्वतःचं, म्हणजे विंडोज सर्व्हर स्टँडर्ड किंवा डेटासेंटर. ते प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, मशीनमागे कमीत कमी 16 कोअरचं घ्यावंच लागतं, भले तुमच्या प्रोसेसरला 8 च असतील. दुसरं म्हणजे कॅल, क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स, जो कोणी त्या सर्व्हरची सेवा वापरतो त्याचं. तिसरं आरडीएस कॅल, रिमोट डेस्कटॉपनं सर्व्हरवर बसून काम करणाऱ्यांसाठी, आणि हे दुसऱ्याच्या ऐवजी नाही, त्याच्या वर लागतं. म्हणजे रिमोटवर टॅली चालवणाऱ्या माणसाला साधा कॅल पण पाहिजे आणि आरडीएस कॅल पण.

मालकांना समजवायचं असेल तर मी असं सांगतो: हुतात्मा स्मृती मंदिर कार्यक्रमाला भाड्यानं घेतलं म्हणजे प्रेक्षकांची तिकिटं त्यात आली असं होत नाही. एवढं सांगितलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

आता यातली खरी गोम. साधा विंडोज सर्व्हर कॅल कुठं इन्स्टॉलच होत नाही. तो कागदावरचा हक्क आहे. दहा घेतले आणि चाळीस मशीन जोडली तरी सर्व्हर एक शब्द बोलणार नाही, फाइल उघडतील, प्रिंट निघतील, सगळं सुरळीत. आरडीएस कॅल मात्र इन्स्टॉल होतो, लायसन्स सर्व्हर त्याचा हिशोब ठेवतो आणि नसला तर दार बंद करतो. त्यामुळे होतं काय, की लोक ओरडणाऱ्याकडं बघतात आणि गप्प बसणाऱ्याला विसरतात. गप्प बसणाऱ्याचा हिशोब फक्त तुमच्या रजिस्टरमधे असणार, दुसरीकडं कुठंही नाही, म्हणून खरेदीच्या आधी रजिस्टर.

मोजणी

एक वही घ्या आणि गेटपासून चालत निघा. ऑफिसात बसून एक्सेल भरू नका, कारण वजनकाट्याच्या खोलीतलं जुनं डेस्कटॉप तुम्हाला आठवणारच नाही. गेट, वजनकाटा, डाइंग, लूमच्या शेडमधला सुपरवायझरचा पीसी, जेकार्डचं डिझाइन करणारी मशीन, पॅकिंगचं बारकोड लावणारं टेबल, डिस्पॅच, अकाउंट, बायोमेट्रिक हजेरी, मालकांचा घरचा लॅपटॉप, बाहेरगावी फिरणारे सेल्सवाले. प्रत्येकाचं लिहायचं: मशीनचं नाव, कुठं ठेवलंय, विंडोज कुठलं आणि कुठल्या एडिशनचं, कोण वापरतं, किती शिफ्टमधे, सर्व्हरवरचं नेमकं काय वापरतं. पुढं तीन रकाने रिकामे सोडा: कुठलं लायसन्स लावलं, कधी लावलं, बिल नंबर.

मग सर्व्हरवर येऊन पडताळा. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधे शेअर्ड फोल्डर्स, त्यात सेशन्स, तिथं आत्ता कोण कोण जोडलंय ते दिसतं. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्रपाळीत एकदा बघा. डीएचसीपी (मशीनना आपोआप नेटवर्कचा पत्ता, म्हणजे आयपी, देणारी सेवा) सर्व्हरवर असेल तर त्यानं कुणाला पत्ता दिलाय ती लीजची यादी पण काढा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांची खाती एका जागी ठेवणारी सोय) असेल तर युजर आणि कॉम्प्युटरची यादी काढून शेवटचं लॉगिन कधी झालं ते बघा, वर्षभरापूर्वी काम सोडून गेलेल्यांची खाती अजून चालू असलेली हमखास सापडतात, ती तिथंच डिसेबल करा.

मोजताना लोक कुठं चुकतात ते सांगतो. एक, मार्च एंडला सीए साहेबांच्या ऑफिसातली पोरं रिमोटनं जोडतात, ती तुमची कर्मचारी नसली तरी तुमच्या सर्व्हरवर येतात, तेव्हा तीही मोजणीत. दोन, ईआरपीला डेटाबेसमधे एकच कॉमन लॉगिन आहे म्हणून एकच कॅल लागतो असा समज. नाही. मधे कितीही सॉफ्टवेअर घातलं तरी पलीकडच्या टोकाला माणसं किती आणि मशीन किती, तेच मोजतात. याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात आणि मायक्रोसॉफ्टच्या नियमात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. तीन, लिनक्सचं मशीन किंवा मोबाइल आहे म्हणून सुटका होत नाही, सेवा विंडोज सर्व्हरची घेतली की झालं. आणि चार, डीएचसीपी. सर्व्हरवरून पत्ता घेणारं उपकरणसुद्धा सेवा घेतंय असंच धरलं जातं, म्हणून छोट्या ऑफिसात मी डीएचसीपी राउटरवरच ठेवतो, कॅमेरे आणि पाहुण्यांचे मोबाइल सर्व्हरच्या हिशोबात कशाला आणायचे.

युजर का डिव्हाइस

युजर कॅल म्हणजे एक माणूस, त्याची कितीही मशीन. डिव्हाइस कॅल म्हणजे एक मशीन, त्यावर कितीही माणसं. एवढंच आहे, पण पैसे वाचतात ते इथंच.

समजा कारखान्यात ऑफिसची 9 माणसं आहेत, 2 सेल्सवाले आहेत ज्यांच्याकडं लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही आहे, आणि शेडमधे 4 पीसी आहेत ज्यांवर तीन शिफ्टला मिळून 24 जण काम करतात. सगळ्यांना युजर कॅल घेतले तर 35 लागतील. पण 11 जणांना युजर कॅल आणि शेडच्या 4 मशीनना डिव्हाइस कॅल घेतले तर 15 मधे काम होतं. साध्या विंडोज सर्व्हर कॅलमधे असं मिसळून घेतलेलं चालतं. फक्त रजिस्टरमधे कुठला कॅल कुणाच्या नावावर ते लिहिलेलं पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही. हॉस्पिटलचा रिसेप्शन काउंटर, नर्सिंग स्टेशन, मेडिकलचं बिलिंग, जिथं खुर्ची तीच आणि माणसं बदलतात तिथं डिव्हाइस. डॉक्टर जे ओपीडीत एका मशीनवर, राउंडला टॅबवर आणि घरून लॅपटॉपवर, त्यांना युजर.

शेडच्या त्या 4 पीसीवरचा कुणी घरून पण काम करायला लागला तर तो डिव्हाइस कॅलमधे बसत नाही, त्याला युजर कॅल लागेल. हे लॉकडाउनच्या काळात बऱ्याच ठिकाणी उलटंपालटं झालं आणि तसंच राहून गेलंय.

कॅल एकाकडून काढून दुसऱ्याला देता येतो, पण रोजच्या रोज फिरवता येत नाही. एकदा दिला की 90 दिवस तिथंच, अपवाद म्हणजे माणूस काम सोडून गेला, मशीन कायमचं बिघडलं किंवा हरवलं, किंवा कुणी रजेवर आहे म्हणून तात्पुरता बदली माणूस आला. "आज रमेश नाही तर त्याच्या जागी रोज कोण येईल ते वापरेल" असा कायमचा खेळ चालत नाही.

व्हर्जन बघूनच घ्या

कॅलचं व्हर्जन सर्व्हरच्या व्हर्जनएवढं किंवा त्याच्या पुढचं पाहिजे. 2022 चा कॅल 2019 आणि 2016 च्या सर्व्हरला चालतो, पण 2019 चा कॅल 2022 च्या सर्व्हरला चालत नाही. विंडोज सर्व्हर 2025 नोव्हेंबर 2024 मधे आलाय, तेव्हा नवीन सर्व्हर घेताना डीलरनं मशीनवर 2025 टाकून दिलं आणि तुमच्याकडं जुने 2019 चे कॅल आहेत तर ते त्या सर्व्हरपुरते कामाचे नाहीत. कोटेशनमधे सर्व्हर, कॅल, आरडीएस कॅल अशा तीन ओळी वेगवेगळ्या मागा, प्रत्येकात व्हर्जन आणि युजर का डिव्हाइस ते लिहिलेलं. एका ओळीत "विंडोज सर्व्हर विथ लायसन्स" लिहून आलेलं कोटेशन परत पाठवा.

छोटं ऑफिस असेल तर आधी एसेन्शियल्स एडिशनचं विचारा, ती नव्या सर्व्हर मशीनबरोबर मिळते, त्यात 25 युजर आणि 50 डिव्हाइसपर्यंत वेगळे कॅल लागत नाहीत. आणि खरं सांगू का, पाच मशीनचं दुकान आणि फक्त फाइल शेअर करायच्या असतील तर विंडोज सर्व्हर घेऊच नका, एक चांगला नॅस बॉक्स, म्हणजे नेटवर्कला जोडलेली फाइल ठेवायची पेटी, घ्या, कॅलची भानगडच नाही. डीलर हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय.

खरेदी कुठून? पूर्वी ओपन लायसन्स नावाची योजना होती, ती 31 डिसेंबर 2021 ला नवीन खरेदीसाठी बंद झाली. आता बहुतेक खरेदी सीएसपी पार्टनरकडून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत विक्रेत्याकडून, होते, लायसन्स तुमच्या कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दिसतं आणि लायसन्सची की (चालू करायचा कोड) तिथूनच उतरवून घेता येते. त्यासाठी जे अ‍ॅडमिन खातं उघडतात ते कंपनीच्या ईमेलवर उघडा, डीलरच्या किंवा स्वतःच्या जीमेलवर नको. उद्या तुम्ही पुण्याला नोकरीला गेलात तर कंपनीचं लायसन्स तुमच्या खिशात राहायला नको. बिल कंपनीच्या नावानं, जीएसटी नंबर टाकून घ्या, सॉफ्टवेअरवर 18 टक्के जीएसटी असतो आणि त्याचं क्रेडिट अकाउंटवाल्यांना मिळतं, मालकांना हा मुद्दा लगेच पटतो.

ऑनलाइन पाचशे-हजार रुपयांत "50 युजर आरडीएस कॅल, लाइफटाइम" अशा की मिळतात, आणि त्या टाकल्या तर बऱ्याचदा चालतात पण. चालली म्हणजे तुमची झाली असं नाही. बिल नाही, करार नंबर नाही, आणि ती की आणखी किती जणांनी वापरलीय देव जाणे. तीच गोष्ट रिमोट डेस्कटॉपचं बंधन तोडणाऱ्या पॅचची, आणि ग्रेस पिरियडची, म्हणजे लायसन्सशिवाय चालायच्या मुदतीची, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली) की दर चार महिन्यांनी पुसायच्या "ट्रिक"ची. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63 बी मधे माहीत असून बेकायदा सॉफ्टवेअर वापरण्याला किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड असं लिहिलंय, आणि तिथं "वापरणारा" असा शब्द आहे, म्हणजे आयटीवाल्यानं पण बाजूला उभं राहून बघायची सोय नाही. मालक आग्रह करत असतील तर तुमचं म्हणणं ईमेलवर लिहून ठेवा. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आरडीएस बसवणं

हा भाग सावकाश वाचा, सगळ्यात जास्त फोन याच्यावरूनच येतात.

विंडोज सर्व्हरवर कुठलाही आरडीएस कॅल न घेता दोन जण एकाच वेळी रिमोटनं येऊ शकतात, पण ते फक्त सर्व्हरची देखभाल करायला. त्या दोन जागांवर दोन अकाउंटंट बसवून टॅली चालवणं हे लई ठिकाणी बघायला मिळतं, ते नियमात बसत नाही. तिसऱ्या माणसाची गरज लागली की कुणीतरी सेशन होस्टचा रोल (अनेकांना एकदम सर्व्हरवर बसू देणारा भाग) टाकतं, मग अचानक कितीही जण येऊ शकतात, सगळे खूश. का? कारण 120 दिवसांचा ग्रेस पिरियड सुरू झालेला असतो. तो संपला की जे आत आहेत ते आत, नवीन कुणी येऊ शकत नाही, लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही असा निरोप येतो. सेशन होस्ट टाकला त्या दिवसाची तारीख रजिस्टरमधे आणि मोबाइलच्या कॅलेंडरमधे दोन्हीकडं टाका.

सगळ्यात आधी ठरवा, तुमचा सर्व्हर डोमेनमधे (सगळ्यांची खाती सर्व्हरवर एकत्र) आहे का नुसत्या वर्कग्रुपमधे (प्रत्येक मशीनची खाती वेगळी). वर्कग्रुपमधे असेल तर आरडीएसला पर डिव्हाइस कॅलच घ्यायचे, पर युजर चालत नाहीत. 2019 पासून पुढच्या सर्व्हरवर वर्कग्रुपमधे पर युजर मोड लावला तर लायसन्सची अडचण आहे असा निरोप येऊन 60 मिनिटांनी माणूस बाहेर फेकला जातो. लोक नेटवर्क तपासतात, केबल बदलतात, राउटर बदलतात, आणि दर तासाला तेच. दर तासाला बरोबर तुटतंय अशी तक्रार आली की आधी हे बघा.

मग सर्व्हर मॅनेजरमधे अ‍ॅड रोल्स अँड फीचर्स, त्यात रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, त्यात रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग. छोट्या ठिकाणी हा रोल सेशन होस्टवरच टाकला तरी चालतं. नंतर आरडी लायसन्सिंग मॅनेजर उघडा, सर्व्हरच्या नावावर राइट क्लिक, अ‍ॅक्टिव्हेट सर्व्हर. ऑटोमॅटिक पर्याय इंटरनेट असेल तर लगेच होतो, नाहीतर ब्राउझरनं किंवा फोननं पण करता येतं. कंपनीचं नाव पत्ता नीट भरा. मग परत राइट क्लिक, इन्स्टॉल लायसन्सेस, तिथं कुठल्या प्रकारे खरेदी केलं ते विचारतो. तुमच्याकडं 25 अक्षरांची की असेल तर लायसन्स पॅक म्हणजे रिटेलचा पर्याय निवडा, करार नंबर असेल तर त्या कराराचा. की टाकताना आठ आणि बी नीट बघा, डीलरनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला असेल तर कॉपी करता येईल असा मजकूर मागवा.

डोमेन असेल तर लायसन्सिंग मॅनेजरमधे रिव्ह्यू कॉन्फिगरेशन दाबा, तो सांगेल की हा सर्व्हर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या टर्मिनल सर्व्हर लायसन्स सर्व्हर्स या ग्रुपमधे आहे का. नसेल तर अ‍ॅड टू ग्रुप. पर युजरची नोंद ठेवायला हे लागतंच.

एवढं करून लोक थांबतात आणि मग चार महिन्यांनी परत बंद पडतं, कारण सेशन होस्टला अजून सांगितलंच नाही की लायसन्स कुठून घ्यायचं. ग्रुप पॉलिसी (मशीनना एका जागेवरून सेटिंग लावायची सोय) उघडा, वर्कग्रुप असेल तर लोकल. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, सेशन होस्ट, लायसन्सिंग. तिथं दोन गोष्टी: कुठला लायसन्स सर्व्हर वापरायचा त्याचं नाव, आणि मोड पर युजर का पर डिव्हाइस. मोड जो घेतलाय तोच लावा. एका सेशन होस्टला एकच मोड लागतो, साध्या कॅलसारखं इथं मिसळून चालत नाही. नंतर आरडी लायसन्सिंग डायग्नोझर उघडून बघा, हिरवं दिसलं आणि किती लायसन्स उपलब्ध आहेत तो आकडा बरोबर आला तर झालं.

पर डिव्हाइसमधे मशीन पहिल्यांदा जोडलं की तात्पुरतं लायसन्स मिळतं, 90 दिवसांचं, आणि पुढच्या लॉगिनला पक्कं. पक्कं पण कायमचं नसतं, 52 ते 89 दिवसांत त्याची मुदत असते आणि मशीन वापरात असेल तर ते आपोआप वाढत राहतं. भंगारात गेलेल्या मशीनचं लायसन्स त्यामुळे काही आठवड्यांत स्वतःच परत येतं. घाई असेल तर लायसन्सिंग मॅनेजरमधून रिव्होक करता येतं, पण एका वेळी एकूण डिव्हाइस कॅलच्या 20 टक्क्यांपर्यंतच. पर युजरमधे जास्त माणसं आली तरी लायसन्स सर्व्हर अडवत नाही, म्हणून दर महिन्याला क्रिएट रिपोर्ट करून वापर बघायचा, आकडा घेतलेल्या कॅलच्या वर गेला तर नवीन घ्यायचे. अडवत नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही.

दोन इमर्जन्सीच्या गोष्टी. लायसन्समुळे कुणालाच आत जाता येत नसेल तर एमएसटीएससी (mstsc, रिमोट डेस्कटॉपची कमांड) पुढं स्लॅश अ‍ॅडमिन देऊन तुम्ही आत जाऊ शकता, सर्व्हरच्या खोलीत मॉनिटर उचलून पळायची गरज नाही. आणि एकाच क्लायंट मशीनला लायसन्सचा एरर येत असेल, बाकी सगळे ठीक, तर त्या मशीनच्या रजिस्ट्रीत एमएसलायसन्सिंग नावाची की असते, बॅकअप घेऊन ती काढा आणि रिमोट डेस्कटॉप एकदा रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून चालवा, ती नवीन बनते.

लायसन्स सर्व्हर हलवायचा किंवा रोल बदलायचा असं मोठं काम काढायचं असेल तर जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत काढा, निम्मं ऑफिस यात्रेत असतं. मार्चमधे हात लावायचा नाही, काहीही झालं तरी.

बाकीच्यांचे नियम वेगळे

टॅलीचं लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या कॅलमधे येत नाही आणि उलटंही नाही. सिल्व्हर एका मशीनसाठी, गोल्ड एका लॅनवरच्या अनेक युजरसाठी. गोल्डमधे लायसन्स एका मशीनवर असतं आणि बाकीच्या टॅलींना त्या मशीनचं नाव द्यावं लागतं, म्हणून त्या मशीनचं नाव किंवा आयपी बदलला की सगळीकडं टॅली एज्युकेशनल मोडला जाते आणि गोंधळ होतो. त्या मशीनला फिक्स आयपी द्या आणि ते यूपीएसवर ठेवा.

एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे ईआरपीची माहिती ठेवणारा डेटाबेस, घेताना कोअरवर घ्यायचा का सर्व्हर अधिक कॅलवर ते ईआरपीवाल्याला विचारा. माणसं कमी असतील तर कॅल स्वस्त पडतात. एक्सप्रेस एडिशन फुकट आहे, कॅल लागत नाहीत, पण 2022 पर्यंतच्या एक्सप्रेसमधे एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे. ती भरली की नवीन एंट्री होत नाही, म्हणून डेटाबेसची साइज महिन्याला एकदा बघून लिहून ठेवा.

अँटिव्हायरस पुण्याच्या सेक्राइटचा असो की दुसरा कुठला, कन्सोलवर मशीनची संख्या असते. फॉरमॅट मारलेलं मशीन कन्सोलमधे जुन्या नावानं तसंच राहतं आणि नवीन नावानं परत येतं, एक मशीन दोन लायसन्स खातं. फॉरमॅटच्या आधी कन्सोलमधून काढायची सवय लावा. मराठी टायपिंगच्या काही जुन्या पॅकेजला यूएसबी डाँगल असतो, तो कुठल्या मशीनला लावलाय ते पण रजिस्टरमधे घ्या, तो हरवला तर लायसन्सच हरवलं असं समजा. नवीन पत्रव्यवहार युनिकोडमधे करायला लावलात तर पुढं डाँगलची कटकट उरत नाही.

क्लायंट मशीनवरचं सॉफ्टवेअर

आधी एडिशन बघा. विंडोज होम डोमेनला जोडता येत नाही, प्रो लागतं. दुकानातून ऑफरमधे आणलेल्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा होमच असतं, त्यामुळे खरेदीच्या आधी मालकांच्या मेहुण्यांना हे सांगून ठेवा, लॅपटॉप बऱ्याचदा तेच आणतात. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, शिवाय सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक इंटेल प्रोसेसर त्याला चालत नाहीत, तेव्हा रजिस्टरमधे प्रोसेसरचा एक रकाना वाढवा आणि बदलायच्या मशीनची यादी वेगळी काढा.

मशीनला नावं द्या. "डेस्कटॉप डॅश अमुकतमुक" असं विंडोजनं दिलेलं नाव ठेवलं तर लायसन्सच्या रिपोर्टमधे काहीच कळत नाही. पीकेजी 01, एसीसी 03, डाय 02 असं विभाग आणि नंबर, आणि तेच नाव कॅबिनेटवर स्टिकर लावून. माणसाचं नाव मशीनला देऊ नका, माणसं जागा बदलतात.

रोजच्या कामाला कुणालाही लोकल अ‍ॅडमिन ठेवू नका. सुरुवातीला लोक नाराज होतील, प्रत्येक गोष्टीला तुम्हाला बोलावतील, पण त्याशिवाय क्लायंटवर काय चढतंय त्याच्यावर तुमचा ताबाच राहत नाही. क्रॅक फोटोशॉप, चोरीचं डिझाइन सॉफ्टवेअर, हे सगळं अ‍ॅडमिन पासवर्ड वाटल्यामुळेच येतं.

डोमेन असेल तर सॉफ्टवेअर एकेका मशीनवर पेनड्राइव्ह घेऊन फिरत टाकायचं नाही. सर्व्हरवर एक शेअर फोल्डर करा, त्याला डोमेन कॉम्प्युटर्स या ग्रुपला रीड परवानगी द्या. इथंच बहुतेकांचं अडतं, युजरला परवानगी देतात, पण इन्स्टॉल होताना युजर लॉगिनच झालेला नसतो, मशीन स्वतः जाऊन फाइल वाचतं. ग्रुप पॉलिसीत नवीन पॉलिसी, कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमधे सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन, न्यू पॅकेज, असाइन्ड. फाइलचा पत्ता डबल बॅकस्लॅश, सर्व्हरचं नाव, शेअरचं नाव असा नेटवर्कचाच द्या, सी ड्राइव्ह किंवा झेड ड्राइव्ह दिला तर क्लायंटला तो सापडणार नाही. फाइल एमएसआय पाहिजे, ईएक्सई असेल तर स्टार्टअप स्क्रिप्टनं टाकावं लागतं.

पॉलिसी सगळ्या ऑफिसला एकदम लावू नका. एक चाचणी ओयू (डोमेनमधला मशीनचा गट) करा, त्यात दोन मशीन टाका, एक तुमचं आणि एक अकाउंटमधल्या समजूतदार माणसाचं. आठवडाभर बघा, मग बाकीच्यांना. क्लायंटवर जीपीअपडेट फोर्स देऊन रीस्टार्ट, आणि नाही आलं तर जीपीरिझल्ट स्लॅश आर बघा, पॉलिसी मशीनपर्यंत पोचलीय का ते कळतं. मशीन लवकर चालू होतं आणि नेटवर्क उशिरा येतं म्हणून पण इन्स्टॉल चुकतं, त्यासाठी स्टार्टअपला नेटवर्कची वाट बघा अशी एक पॉलिसी आहे, ती चालू करा. आणि पॅकेजच्या डिप्लॉयमेंट टॅबमधे मशीन पॉलिसीच्या बाहेर गेलं की सॉफ्टवेअर काढून टाका असा टिक आहे, पैशाच्या सॉफ्टवेअरला तो लावाच. अकाउंटमधलं मशीन पॅकिंगला गेलं, दुसऱ्या ओयूत टाकलं, की महागडं सॉफ्टवेअर आपोआप निघतं आणि लायसन्स मोकळं होतं.

माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी खातं डिसेबल, रजिस्टरमधे त्याच्या कॅलपुढं तारीख, आणि तो कॅल नवीन माणसाला. एचआरला सांगून ठेवा की सेटलमेंटच्या फॉर्मवर आयटीची सही पाहिजे, नाहीतर तुम्हाला माणूस गेला हे चहाच्या टपरीवर कळतं.

जुना सर्व्हर काढताना

नवीन सर्व्हर आला की जुना लगेच बंद करायचा मोह होतो, विशेषतः मे महिन्यात जेव्हा त्या खोलीचा एसी दमलेला असतो. लायसन्सचा रोल जुन्यावर असेल तर आधी नव्यावर रोल टाका, अ‍ॅक्टिव्हेट करा, आणि लायसन्सिंग मॅनेजरमधल्या मॅनेज लायसन्सेस या विझार्डनं आरडीएस कॅल हलवा. नवीन लायसन्स सर्व्हर जुन्या व्हर्जनचे कॅल ठेवून घेतो, उलटं होत नाही. मग प्रत्येक सेशन होस्टच्या पॉलिसीत नवीन नाव टाका, डायग्नोझरनं बघा, दोन दिवस जाऊ द्या, आणि मगच जुन्याची वायर काढा. जुना आधीच जळालेला असेल तरी हे होतं, पण तेव्हा विझार्ड आणि मायक्रोसॉफ्टचं क्लिअरिंगहाऊस तुम्हाला जुन्या खरेदीचा करार नंबर किंवा की विचारतं. ती बिलं स्कॅन करून सर्व्हरवरच ठेवली असतील तर ती पण त्याच्याबरोबर गेली, म्हणून एक प्रत ईमेलवर आणि एक छापील प्रत अकाउंटच्या कपाटात, जिथं जीएसटीच्या फाइली असतात तिथं. त्या फाइली कुणी फेकत नाही.